अण्णांची नळी निघत का नाही?

पत्र थोडक्यात असं:

"आमचे अण्णा ६६ वर्षांचे, वजन ५२ किलो. पूर्वभागात यंत्रमागावर सगळी उमर गेली, विडी त्याच्याही आधीपासूनची. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) आहे, दोन वर्षांत तीनदा ॲडमिट करावं लागलं. या वेळी छातीत इन्फेक्शन झालं, बायपॅपवर (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) सावरले नाहीत म्हणून तोंडातून श्वासाची नळी घालून व्हेंटिलेटरच्या मशीनवर ठेवलं. आज नववा दिवस. ताप गेला, फोटोत छाती सुधारलीय, डोळे उघडून बघतात, हात दाबतात. पण मशीनचा आधार काढून स्वतः श्वास घेता येतो का याची दोनदा ट्रायल दिली आणि दोन्ही वेळा फेल. दुसऱ्या वेळी २५ मिनिटांत घामाघूम, श्वास ३८, बीपी १९०/१००. हातापायांवर सूज आहे. सिस्टर ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवतात, ९० च्या आसपासच. गॅसच्या (रक्तातल्या वायूंच्या) रिपोर्टमध्ये कार्बन डायऑक्साइड ६० आहे, तरी डॉक्टर म्हणतात ठीक आहे. आता गळ्याला छिद्र करायचं म्हणतात. नातेवाईक म्हणतात, एकदा मशीनची सवय लागली की सुटत नाही, आणि गळ्याला भोक पाडलं की माणूस गेलाच. पुण्याला हलवू का? भाऊ ऑक्सिजनचं मशीन विकत घ्यायला निघालाय." – एक लेक, सोलापूर

ताई,

मशीनची सवय लागत नाही. ही समजूत आधी घरातून काढून टाका, कारण 'सवय लागली' म्हटलं की पुढे कुणी कारण शोधतच नाही. नळी निघत नाही तेव्हा हिशेब साधा असतो: श्वास घ्यायला लागणारं काम जास्त पडतंय, किंवा ते करणारे स्नायू कमी पडतायत, किंवा हृदयाला तो भार झेपत नाही. सीओपीडीत बहुधा यातलं दोन-तीन मिळून असतं. फेल गेलेली प्रत्येक ट्रायल काहीतरी सांगून जाते. ते न ऐकता दुसऱ्या दिवशी तशीच ट्रायल पुन्हा दिली, तर निकालही तसाच येतो.

अण्णांच्या छातीत काय चाललंय ते समजायला एक करून पाहा. छाती भरून श्वास घ्या. त्यातला थोडाच सोडा, आणि त्या फुगलेल्या छातीवरच पुढचे आठ-दहा श्वास घ्या, पूर्ण न सोडता. पाचव्या-सहाव्या श्वासाला मान आणि खांदे ओढायला लागतील. सीओपीडीत श्वासनलिका बाहेर येणाऱ्या हवेला अडवतात, हवा आत कोंडून राहते आणि छातीखालचा श्वासपटल घुमटासारखा राहण्याऐवजी सपाट होतो. सपाट झालेल्या पडद्याला ओढायला जागाच उरत नाही. श्वासाचा वेग वाढला की सोडायला वेळ आणखी कमी, कोंडलेली हवा आणखी जास्त. ट्रायलमध्ये पहिली दहा मिनिटं बरी जातात आणि मग एकदम घसरगुंडी होते, ती याच चक्रामुळे.

ही कोंडलेली हवा मशीनवर असतानाही त्रास देते, आणि हे भेटीच्या वेळी तुम्हाला स्वतः बघता येईल. अण्णांच्या पोटाकडे एक मिनिट नीट बघून श्वासाचे प्रयत्न मोजा, मग मॉनिटरवरचा मशीनचा आकडा बघा. पोट ३० वेळा हललं आणि मशीन २२ दाखवत असेल, तर आठ वेळा अण्णांनी जोर लावला आणि मशीनला तो कळलाच नाही. दिवसभर असे वाया गेलेले श्वास म्हणजे दिवसभराची फुकटची मजुरी. गंमत अशी की अशा वेळी मदतीचा दाब वाढवला तर बहुतेकदा बिघडतं: प्रत्येक श्वास मोठा होतो, सोडायला वेळ उरत नाही, वाया जाणारे प्रयत्न वाढतात. उपाय उलटा असतो. दाब थोडा कमी, आत ढकलण्याची वेळ लवकर संपवणं (बहुतेक मशीनवर २५ टक्क्यांवर असलेली ती खूण ४०–५० पर्यंत नेतात), आणि बाहेरून दिलेला पीप (श्वास सोडल्यावरही मशीन छातीत राखतं तो दाब) कोंडलेल्या दाबाच्या साधारण तीन-चतुर्थांशापर्यंत. सेटिंगला हात लावणं डॉक्टरांचं काम. तुम्ही फक्त मोजलेले दोन आकडे सिस्टरना सांगा. चांगली सिस्टर लगेच वाकून ग्राफ बघेल.

आता कार्बन डायऑक्साइड ६०. इथे तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. रिपोर्टवर पीएच (रक्ताची आम्लता) आणि बायकार्बोनेट (ती आम्लता सावरणारा क्षार) बघा, पीएच ७.३७ च्या जवळ आणि बायकार्बोनेट ३४ च्या आसपास असेल, तर अण्णा घरीसुद्धा ५५–६० वरच राहत होते, मूत्रपिंडांनी बायकार्बोनेट साठवून तोल सांभाळला होता. हौसेने मशीनचा वेग वाढवून हा आकडा ४० वर आणला तर रिपोर्ट देखणा होतो, पण तीन-चार दिवसांत मूत्रपिंडं तो साठा लघवीतून टाकून देतात. मग ट्रायलला अण्णा आपल्या नेहमीच्या ६० वर गेले की हाताशी साठा नाही, आणि पीएच थेट ७.२५ च्या आसपास कोसळतो. ट्रायल फेल, आणि दोष पेशंटच्या माथी. म्हणून लक्ष्य 'नॉर्मल' नसतं, अण्णांचं स्वतःचं जुनं असतं. मागच्या दोन-तीन ॲडमिशनच्या फाइली घरी असतील तर त्यातले गॅसचे रिपोर्ट उद्याच डॉक्टरांना नेऊन द्या. हे काम घरच्यांशिवाय कुणी करू शकत नाही.

ऑक्सिजनचंही तसंच. सीओपीडीत ८८ ते ९२ हेच लक्ष्य. ९८ दिसलं की घरच्यांना बरं वाटतं, पण जादा ऑक्सिजनने या पेशंटचा कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि माणूस गुंगीत जातो. सिस्टरशी यावरून भांडू नका.

तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवर आम्ही थांबलो ती बीपी १९०/१०० आणि सुजेची. मशीन आत ढकलत असलेला दाब हृदयाला आधार देत असतो. तो काढला की शरीरातलं रक्त जास्त प्रमाणात हृदयाकडे परततं, डाव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो, वर श्वासाची धडपड. हृदय आधीच कमकुवत किंवा अंगात पाणी जास्त असेल, तर फुप्फुसात पाणी उतरतं आणि ट्रायल अर्ध्या तासात कोसळते. छाती घरघरते म्हणून 'दमा उसळला' असं वाटतं आणि नेब्युलायझर वाढवला जातो. बीपी नुसत्या धडपडीनेही चढू शकतो, म्हणून कागदावरून आम्ही निदान करत नाही. पण सूज, चढलेला बीपी आणि लवकर फेल हे तिन्ही एकत्र असताना हृदय तपासल्याशिवाय तिसरी ट्रायल देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. डॉक्टरांना विचारा: नऊ दिवसांत आत गेलेलं आणि लघवीवाटे बाहेर आलेलं यात किती लिटरचा फरक आहे? इको (हृदयाची सोनोग्राफी) ट्रायलच्या शेवटी करता येईल का? बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) ट्रायलआधी आणि नंतर? पाणी साठलेलं निघालं तर लघवीचं औषध देऊन एक-दोन दिवसांत चित्र पालटू शकतं. मात्र त्या औषधाने पोटॅशियम उतरतं आणि रक्त अल्कलीकडे झुकतं. अल्कलीकडे झुकलेल्या रक्तात मेंदू श्वासाचा हुकूम ढिला सोडतो. म्हणून रोज रक्ततपासणी हवी.

याच संदर्भात ट्रायल कशी घेतली हेही विचारा. दोन रीती आहेत. एकीत मशीनवरच ठेवून ५ ते ८ चा दाब आणि ५ चा पीप ठेवतात. दुसरीत टी-पीस, म्हणजे मशीन पूर्ण सुटं आणि नळीला फक्त ऑक्सिजन. साध्या पेशंटला पहिली रीत ३० मिनिटं पुरते आणि ती चांगलीही आहे. पण तो ५ चा पीप हृदयाचा आधार ठेवूनच देतो, म्हणजे हृदयाचा दोष झाकतो. हृदयावर संशय असेल तिथे टी-पीस जास्त खरं सांगतो.

ट्रायलची सकाळ कशी असावी ते सांगतो, म्हणजे काय राहून गेलं ते तुम्हाला ओळखता येईल. आदल्या रात्री मशीनचा पूर्ण आधार आणि झोप. पहाटेपासून गुंगीचं औषध बंद. गुंगीत दिलेली ट्रायल म्हणजे ट्रायलच नव्हे. पंधरा-वीस मिनिटं आधी नेब्युलायझर, मग सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं), मग उशाकडून पलंग उचलून जवळजवळ बसतं करणं. आडव्या पेशंटचं पोट श्वासपटलावर येतं. सुरू करण्याआधी मशीनचा ऑक्सिजन ४० टक्के किंवा कमी, पीप ५ ते ८, बीपी टिकवायचं औषध बंद किंवा अगदी थोडं, आणि सांगितल्यावर खोकता आलं पाहिजे. पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वासाचा वेग भागिले एका श्वासाचे लिटर असा हिशेब करतात: मिनिटाला ३० श्वास आणि प्रत्येकी ३०० मिली, म्हणजे ३० भागिले ०.३, बरोबर १००. १०५ च्या वर गेला तर बहुधा टिकणार नाही. खाली असला तरी सीओपीडीत हमी नाही, दमायला यांना वेळ लागतो. म्हणून अण्णांसारख्यांत ट्रायल दोन तासांपर्यंत नेणं आणि शेवटी गॅसचा रिपोर्ट करणं शहाणपणाचं. कार्बन डायऑक्साइड ८ हून जास्त वाढला किंवा पीएच ७.३२ खाली आला, तर चेहरा शांत दिसला तरी पास नाही. ३५ च्या वर श्वास, घाम, बीपी १८० च्या वर, श्वास घेताना पोट आत जाणं यातलं काही दिसलं की थांबवायचं आणि लगेच मशीनवर घ्यायचं. 'अजून थोडं ताणू' म्हणून पुढे नेलं तर स्नायू थकतो, आणि थकलेला श्वासपटल सावरायला साधारण एक दिवस जातो. फेल झाल्यावर त्याच दिवशी दुसरी ट्रायल नको, ती यासाठीच.

नळीची जाडीही विचारून घ्या. ७ ची नळी आणि ८ ची नळी यात हवेच्या अडथळ्याचा बराच फरक पडतो, त्यात आत कफाचा थर बसला तर आणखी. मशीनच्या तोंडाशी लावलेला दमटपणाचा छोटा फिल्टर दिसत असेल, तर त्याने प्रत्येक श्वासात थोडी वापरलेली हवा परत आत जाते. अशा पेशंटला गरम पाण्याचा ह्युमिडिफायर बरा.

स्नायूंकडे येऊ. मशीनने पूर्ण आराम दिला तर श्वासपटल दोन-तीन दिवसांतच बारीक व्हायला लागतो, म्हणून दिवसा थोडं काम, रात्री पूर्ण आराम. स्टेरॉइड किती दिवस चाललंय ते बघा. सीओपीडीच्या उसळीला प्रेडनिसोलोनच्या मापात रोज ४० मिलिग्रॅम, पाच दिवस पुरतं. त्यापुढे साखर वाढते, स्नायू झिजतात. फॉस्फेट, मॅग्नेशियम, पोटॅशियम यातलं एक जरी खाली असेल तरी स्नायू ओढत नाहीत, आणि फॉस्फेट पुष्कळदा कुणी मागवतच नाही. आहार ५२ किलोला दिवसाला साधारण १३०० किलोकॅलरी आणि ६२ ते ७८ ग्रॅम प्रोटीन. 'अण्णा वाळलेत' म्हणून फीडमध्ये साखर-पावडर वाढवायला लावू नका. गरजेपेक्षा जास्त पिठूळ-गोड म्हणजे जास्त कार्बन डायऑक्साइड, आणि तो बाहेर टाकायचं काम पुन्हा त्याच थकलेल्या श्वासपटलाचं. फिजिओथेरपिस्टकडून पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवणं नळी असतानाही होतं. विचारा, बहुतेकदा विचारलं म्हणूनच होतं.

घरच्यांनी करायचं थोडंच आहे, पण ते औषधाच्या तोलाचं. चष्मा न्या. ऐकायचं मशीन असेल तर ते न्या. पाटी किंवा मोठ्या अक्षरांचा कागद: 'पाणी', 'दुखतं', 'कफ काढा', 'कूस बदला'. बोटाने दाखवता आलं की धडपड कमी होते. आज वार कोणता, सकाळ की संध्याकाळ, हे दर भेटीत सांगा. रात्री दिवे कमी करायला आणि कान झाकायला सांगा. ट्रायलच्या दिवशी दहा नातेवाईक काचेपाशी उभे करू नका; अण्णांना आधी एवढंच सांगा की आज थोडा वेळ स्वतः श्वास घ्यायचाय, दमलात तर मशीन परत लावतील, यात हरणं-बिरणं काही नाही.

गळ्याच्या छिद्राआधी एक प्रश्न नक्की विचारा: नळी काढून थेट बायपॅपवर घेता येईल का? सीओपीडीत हा मार्ग खास उपयोगी पडतो, टी-पीसवर न टिकलेल्या पेशंटलासुद्धा. इटलीतल्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये नेमक्या अशाच पेशंटांवर तो करून दाखवला. अटी आहेत: पूर्ण शुद्ध, जोरात खोकला, कफ बेताचा, मास्क नीट बसणारा चेहरा. दाढी काढून ठेवा; कवळी असेल तर मास्क लावताना ती तोंडात असली तर गाल बसत नाहीत आणि हवा गळत नाही, फक्त ती घट्ट बसणारी हवी आणि पेशंट शुद्धीत हवा. मास्क नळी काढल्या काढल्या लावायचा असतो, पहिले २४ तास तरी बराच वेळ. 'बघू, दमले तर लावू' ही चाल चुकीची: नळी काढल्यावर धाप लागून मग बायपॅपवर तासन्‌तास घालवले, तर परत नळी घालायला उशीर होतो आणि तो उशीर जिवावर बेततो. आणि नळी निघाल्या निघाल्या चहा पाजू नका. नऊ-दहा दिवसांच्या नळीनंतर गिळणं ढिलं असतं, घोट छातीत जातो. सिस्टरनी गिळणं तपासल्यावरच तोंडाने काही द्यायचं.

हे जमण्यासारखं नसेल, किंवा कारणं दुरुस्त करूनही तिसरी ट्रायल गेली, तर ट्रॅकिओस्टॉमीला घाबरू नका. गळ्याला छिद्र हा शेवट नाही. तोंडातली नळी गेली की गुंगीचं औषध जवळजवळ सुटतं, सक्शन सोपं होतं, तोंड धुता येतं, पेशंट खुर्चीत बसतो. मुख्य म्हणजे मशीन काढून पाहणं आणि दमल्यास परत जोडणं हा नळीचा खेळ उरत नाही, नुसतं जोडायचं-सोडायचं. पलंगापाशीच, साधारण अर्ध्या तासाचं काम. रक्त पातळ करायचं औषध त्याआधी थांबवतात. त्यानंतर रोज काही वेळ मशीन पूर्ण सोडून गळ्याला फक्त ऑक्सिजनचा कॉलर लावायचा आणि तो वेळ वाढवत न्यायचा. २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ही रीत हळूहळू दाब उतरवण्यापेक्षा लवकर मोकळं करणारी ठरली. आवाज कायमचा जात नाही. पण बोलण्याचा व्हॉल्व्ह लावताना नळीचा फुगा पूर्ण रिकामा असलाच पाहिजे. फुगा भरलेला राहिला तर हवा आत जाईल आणि बाहेर यायला वाट नाही, मिनिटांत जीव जाऊ शकतो. पहिला आठवडाभर छिद्राची वाट पक्की झालेली नसते, तेव्हा नळी निसटू नये म्हणून कूस बदलताना एकाने ती धरायचीच. त्याच मापाची आणि एक माप लहान अशी जादा नळी पलंगाशी कायम हवी. आहे का ते डोळ्यांनी बघून घ्या.

एक अवघड गोष्ट. नळी काढण्याआधी ठरवून ठेवा की पुन्हा श्वास बिघडला तर परत नळी घालायची का. अण्णा शुद्धीत आहेत, पाटीवर उत्तर देऊ शकतात. हा प्रश्न भावांमध्ये नव्हे, त्यांना विचारायचा, डॉक्टर समोर असताना.

पुणे. आयसीयूत २४ तास गॅसची तपासणी, इको, बायपॅप आणि फिजिओ असेल, तर हलवून काही वेगळं मिळणार नाही. यातलं काही नसेल तर आधी सोलापुरातच, मेडिकल कॉलेजच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा दुसऱ्या सुसज्ज ठिकाणी विचारा. जन आरोग्य योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राकडून समजेल. तरीही पुण्याला न्यायचंच ठरलं तर २५० किलोमीटर, पाच तास. मिनिटाला १० लिटर धरले तरी ३००० लिटर ऑक्सिजन. बी-टाइप सिलिंडरमध्ये १५०० लिटर असतो, म्हणजे दोन भरलेले संपणार. वाटेत अडकलं तर म्हणून चार घ्या, आणि खरं वाहतुकीचं व्हेंटिलेटर असलेलीच गाडी; पाच तास हाताने फुगा दाबणं या पेशंटला चालणार नाही, घाईत दाबलेल्या फुग्याने हवा आणखी कोंडते.

आणि भावाला थांबवा. ते ऑक्सिजनचं मशीन (कॉन्सन्ट्रेटर) आत्ता विकत घेऊ नका. घरी जाताना ऑक्सिजन लागला तर भाड्याने आणा, आणि तब्येत स्थिरावल्यावर, दोन-तीन महिन्यांनी, पुन्हा तपासा. खोलीतल्या हवेवर आकडा ८८ किंवा त्याखाली राहिला तरच कायमचा, आणि मग दिवसाला किमान १५ तास. सोलापूरच्या मे महिन्यात आणि कारखान्याच्या तंतूंत मशीनचा फिल्टर आठवड्याला धुवावा लागतो, वीज जाईल तेव्हासाठी एक भरलेला सिलिंडर बाजूला. ऑक्सिजनच्या खोलीत विडी, उदबत्ती, चूल काही नको. घरात कुणी विड्या वळत असेल तर ते सूप आणि तंबाखू अण्णांच्या खोलीतून बाहेर काढा, जागा नसेल तर निदान झाकून आणि अण्णा झोपतात त्या वेळी नव्हे. रात्रीचा बायपॅप घरी लागेल का हे डिस्चार्जनंतर दोन ते चार आठवड्यांनी गॅस करून ठरतं. ५३ च्या वर कार्बन डायऑक्साइड राहिला तर तो विषय डॉक्टरांशी तेव्हा काढा.